दगडीच्या दोनशे चौदा बिया

घण्याला घण्या म्हणायचे ते त्याच्या हातातल्या घणामुळे. कत्तलखान्यात सोळा वर्षं त्याचं काम एकच होतं. जनावर लोखंडी चौकटीत येऊन उभं राहिलं की दोन डोळ्यांच्या वर, कपाळाच्या मधोमध, एक घाव घालायचा. जनावर गुडघ्यांवर यायचं आणि पुढचं काम सुरीवाल्यांचं. कधी दुसरा घाव घालावा लागला तर घण्या त्या दिवशी जेवायचा नाही. दुसऱ्या घावाला तो पाप वगैरे म्हणत नसे, हलगर्जीपणा म्हणायचा.

माणसांच्या बाबतीत मात्र तो इतका नेमका नव्हता. त्याचा हात आधी उठायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. रांगेत कोणी पुढे घुसलं, कोणी हसलं, कोणी हसलं असं नुसतं वाटलं, तरी पुरे. बायको दोन वर्षं राहिली. मग एका सकाळी सुजलेला डोळा घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही, आणि तिने योग्य तेच केलं. त्याला सांभाळून घेणारं जगात एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती चिडली की शेळ्या हाकायची काठी त्याच्या पाठीत घालायची, आणि हा सहा फुटांचा राक्षस तिच्यापुढे मान खाली घालून मार खायचा.

पुढे कत्तलखान्यात विजेची बंदूक आली आणि घण भिंतीला टेकला. मालकाने घण्याला शीतगृहावर टाकलं. तिथे त्याला स्वतःलाच ठाऊक नसलेला एक गुण सापडला. यंत्र आजारी पडायच्या दोन दिवस आधी त्याला आवाजावरून कळायचं. वर्षभरात तो कॉम्प्रेसर असा उघडायला-मिटायला लागला की शिकलेले मेकॅनिक तोंडात बोटं घालायचे. कदाचित आयुष्य असंच गेलं असतं, पण टेकडी खाली आली.

बहीण राहायची ती गल्ली टेकडीच्या पायथ्याला होती. टेकडीवर दगडी नावाचं एक झुडूप होतं. गुडघाभर उंच, काटेरी, फुलाला वास नाही, लाकडाला जाळ नाही. माणसाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, शेळ्या तेवढ्या शेंगा खायच्या. पण त्याची मुळं खडकांच्या भेगांत खोल खोल शिरायची आणि सगळा उतार धरून ठेवायची. हे झुडूप त्या एकाच टेकडीवर होतं, दुसरीकडे कुठेच नाही. खाणीच्या ठेकेदाराने दगड काढण्यासाठी ते आधी जाळलं, मग उरलेलं उपटलं. पुढच्याच वर्षी तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी दुपारी टेकडी तेवीस घरांवर येऊन बसली.

घण्याने हातांनी माती उकरली. फावडं घेतलं नाही, कारण खाली कोणाचं डोकं असेल सांगता येत नव्हतं. बहीण सापडली ती बसलेली सापडली, एक करडू पोटाशी धरून. तिच्या तोंडात चिखल भरला होता. तो घण्याने बोट घालून काढला, पुन्हा पुन्हा काढला, शेवटी शेजाऱ्यांनी त्याला ओढून बाजूला नेलं.

तिथून तो तसाच, चिखलाने भरलेला, ठेकेदाराच्या ऑफिसात गेला. ठेकेदार फोनवर बोलत होता. घण्याने फोन त्याच्या तोंडावर आपटला, मग मूठ, मग पुन्हा मूठ. जबडा तीन ठिकाणी मोडला. बरगड्या किती मोडल्या ते कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा घण्या छताकडे बघत होता. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातही त्याने दोघांना लोळवलं आणि त्यातल्या एकाने त्याच्या खांद्यात चमचा घासून केलेला सुरा खुपसला, पण तो हिशेब त्यांचा तिथेच फिटला.

सुटायच्या महिनाभर आधी एक बाई त्याला भेटायला आल्या. पाच फूटसुद्धा उंची नाही, केस पिकलेले, आवाज मात्र असा की पहारेकरी बोलता बोलता थांबला.

"मी त्या खाणीविरुद्ध तीन पत्रं लिहिली होती," त्या म्हणाल्या. "ती कोणी वाचली नाहीत. तू तुझं पत्र त्याच्या जबड्यावर लिहिलंस, ते सगळ्यांनी वाचलं. खाण दोघांच्याही पत्राने थांबली नाही."

घण्याला राग यायला हवा होता. आला नाही, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तुमचं काय काम आहे माझ्याकडे?"

"मी बियांची बँक चालवते. आग लावायच्या आदल्या दिवशी मी टेकडीवर जाऊन दगडीच्या शेंगा तोडून आणल्या. जगात आता तेवढंच बी आहे. ते ठेवलंय त्या खोलीचा कॉम्प्रेसर दर महिन्याला बंद पडतो, आणि माझ्याकडे मेकॅनिक टिकत नाहीत. थंडीला घाबरत नाहीत मेले, कंटाळ्याला घाबरतात."

अशी घण्याला नोकरी लागली. पहिल्या दिवशी तो थंड खोलीत उभा राहिला आणि हसला. एवढं मोठं यंत्र, उणे अठरा अंशांची थंडी, आणि आत काय, तर मोहरीएवढे, मुगाएवढे दाणे. अख्खी जनावरं टांगायची सवय असलेल्या माणसाला ते पोरखेळच वाटलं. पण काम तो कधी अर्धवट करत नसे. बी आधी कोरड्या खोलीत कित्येक आठवडे सुकवायचं, वाकायच्या ऐवजी कटकन तुटेल इतकं. मग चंदेरी पाकिटात घालून तोंड गरम पट्टीने चिकटवायचं. ओलसर बी थंडीत गेलं की आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बी मरतं. नीट सुकवलेलं बी मात्र तिथे पन्नास-शंभर वर्षं झोपून राहू शकतं. रानातून, शेतातून, टेकडीवरून जे नाहीसं झालं ते इथे वाट बघत पडलेलं असतं, परत पेरणारा कोणी येईपर्यंत.

एक नियम बाईंनी त्याला तीनदा सांगितला. पाकीट थंड खोलीतून काढलं की दुसऱ्या दिवसापर्यंत फोडायचं नाही. थंड बियांना बाहेरची हवा लागली की त्यांच्यावर दव धरतं आणि ते बी परत ठेवण्याच्या लायकीचं राहत नाही. पुढे एक मोठे साहेब पाहणीला आले, त्यांनी कौतुकाने एक पाकीट उचललं आणि कात्री मागितली. घण्याने साहेबांना कॉलरला धरून भिंतीला लावलं. बाईंनी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. साहेब गेल्यावर स्वतःच्या हाताने त्याला चहा करून दिला.

पाकिटांवर नाव नसायचं, फक्त नंबर. नाव वहीत. बाईंचं म्हणणं असं, की नाव दिसलं की माणूस लगेच आवडतं-नावडतं करायला लागतो, हे महत्त्वाचं आणि हे तण, आणि यंत्र बंद पडलं की आवडत्याला आधी वाचवतो. दगडीचा नंबर होता चव्वेचाळीस-सतरा. घण्याला सगळे नंबर सारखेच होते, हा एक सोडून. हा कोणत्या कप्प्यात, डावीकडून कितवा, ते त्याला डोळे मिटून सांगता यायचं.

पण चव्वेचाळीस-सतराची एक पीडा होती. बी रुजत नव्हतं. बाई दर दोन-तीन वर्षांनी थोडं बी काढून बघायच्या. कानशीने घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं, अॅसिडमध्ये बुडवलं. कवच इतकं निबर, की शंभरात चार-पाच दाणे फुटायचे आणि तेही मरतुकडे. सहाशे चाळीस बिया होत्या, त्या कमी होत होत दोनशे चौदा राहिल्या. इतर सगळ्या बियांची दुसरी प्रत दोन दिवसांच्या वाटेवरच्या मोठ्या शहरातल्या बँकेत होती. हजाराच्या वर बी असेल तरच त्याचे दोन भाग करायचे असा नियम होता. दगडीचं बी हजार कधीच नव्हतं, म्हणून तिची दुसरी प्रतही नव्हती.

"शेळीला द्या," घण्या एकदा म्हणाला होता. "मी लहान असताना आतडी धुवायच्या नळावर होतो. टेकडीवरच्या शेळ्यांच्या आतड्यांतून हे दाणे अख्खे निघायचे. ताईच्या गोठ्यामागे लेंड्यांच्या ढिगात दगडी उगवायची, ती उपटून उपटून आम्ही थकायचो."

"शेळीने चार चावून टाकल्या तर?" बाई म्हणाल्या. "शेवटच्या बियांचा जुगार मी शेळीच्या दातांवर नाही खेळणार."

आणि मग लढाई आली. कोण कशासाठी लढत होतं ते विचारू नका. लढणाऱ्यांनाही लोकांनी विचारून पाहिलं होतं, आणि विचारणाऱ्यांचे दात घशात गेले होते. दोन टोळ्या होत्या, दोन्हींकडे बंदुका होत्या, आणि मधे गाव होतं. खाणीतला सुरुंगाचा माल दोन्हींना हवा होता. बाजारात पहिला बॉम्ब फुटला त्या दिवशी बँकेतले चौघे नोकर घरी गेले ते आलेच नाहीत. बाई आणि घण्या राहिले. वीज गेली होती, थंड खोली जनरेटरवर चालत होती.

एका भर दुपारी सहा जण जनरेटर न्यायला आले. बाई दारात उभ्या राहिल्या.

"हा इथून हलणार नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्याने बंदुकीचा दस्ता त्यांच्या कपाळावर मारला. त्या खाली बसल्या, पडल्या नाहीत. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं होतं, तरी एक हात वर करून त्या घण्याला थांब म्हणत होत्या. घण्या यंत्राच्या खोलीतून बाहेर आला होता आणि त्याच्या हातात दोन फुटी पाना होता. त्याला तो वर केलेला हात दिसला. त्याने पहिल्याचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या कानशिलावर घाव घातला, तसाच, एकच, आणि तो गुडघ्यांवर आला. मग मागच्यांनी गोळ्या झाडल्या. घण्याला एकही लागली नाही. बाईंच्या पोटात दोन लागल्या.

टोळीवाल्यांनी जनरेटर उचलला, आपला पडलेला माणूस उचलला, कागदांच्या खोलीला आग लावली आणि गेले. घण्याने बाईंना कोरड्या खोलीत नेऊन फरशीवर निजवलं. जखमेवर दाबून धरलेला त्याचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. रक्त किती गेलं की जनावर संपतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"बाकीच्या सगळ्याची प्रत मोठ्या शहरातल्या बँकेत आहे," बाई म्हणाल्या. "चव्वेचाळीस-सतरा तिकडे ने. तिथल्या माझ्या विद्यार्थिनीला दे. आणि घण्या, वाटेत हात उचलू नकोस. तुझा हात उठला की तू मेलास, आणि तुझ्याबरोबर ते."

"नाही उचलणार."

"आत्ताही सांगितलं होतं."

रागाने बोलल्या नव्हत्या, नुसतं सांगितलं. पाव तासात त्या गेल्या. दस्त्याच्या एका घावाने त्या मेल्या नसत्या, आठ दिवस डोकं बांधून फिरल्या असत्या. आपण पाना उचलला म्हणून गोळ्या सुटल्या, हे घण्याला कोणी सांगायला नको होतं. धूर खोलीत येईपर्यंत तो त्यांच्याजवळ बसून राहिला. मग उठला, त्यांना अंगणात आणून झाडाखाली पुरलं, थंड खोलीतून ते एक पाकीट काढलं आणि दार घट्ट लावून घेतलं. बंद दाराआड थंडी बरेच दिवस टिकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो नदीवरच्या पुलापाशी पोचला. पुलावर वाळूची पोती रचून सात-आठ जण बसले होते. त्यांचा म्होरक्या चष्मेवाला होता, एक काच तडकलेली. झडतीत सदऱ्याखालचं पाकीट निघालं. कोणी काही म्हणायच्या आत चष्मेवाल्याने चाकूने ते फाडलं आणि तळहातावर थोडं ओतलं.

"हे काय?"

"बी आहे."

"कशाचं?"

"दगडीचं. काटेरी झुडूप असतं."

"यावर तर नुसता नंबर आहे. नाव कुठंय?"

"नाव लिहीत नाहीत आमच्यात. पद्धत आहे तशी."

दस्ता तोंडावर बसला. घण्या एका गुडघ्यावर आला. पुढचे दोन दात जिभेवर सुटे झाले, ते त्याने थुंकले. आदल्या आठवड्यात वरच्या वस्तीतल्या टाकीत कोणीतरी विष टाकलं होतं, अकरा माणसं मेली होती, आणि तेव्हापासून या लोकांना प्रत्येक बाटलीत, प्रत्येक पुडीत विष दिसत होतं.

"काळं, टणक, वास नाही," चष्मेवाला म्हणाला. "टाकीत टाकलं तर कोणाला कळणार आहे?" आणि दुसरा दस्ता, या वेळी कानावर.

घण्याचा उजवा हात उठला. खरंच उठला, खांद्यापर्यंत. चष्मेवाल्याचं कपाळ हातभर अंतरावर होतं, दोन डोळ्यांच्या वर, मधोमध. आठ बंदुका खट्ट झाल्या. घण्याने तो हात तसाच तोंडाकडे नेला आणि ओठांवरचं रक्त पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डोकं हाताच्या आधी पोचलं होतं.

"बी आहे म्हणतोस ना?" चष्मेवाला म्हणाला. "मग खा. सगळं. नाहीतर हे नदीत आणि मागून तू."

घण्या पाकिटाकडे बघत राहिला. बहिणीच्या तोंडातला चिखल, टेकडी, बाई, सगळं त्या तळहातावर होतं. आणि मग त्याला आतडी धुवायचा नळ आठवला. शेळीला द्यायला बाई घाबरल्या होत्या ते तिच्या दातांना.

"पाणी द्या," तो म्हणाला.

त्यांनी डबा पुढे केला. घण्याने दहा-बारा दाणे जिभेवर घेतले आणि पाण्याबरोबर आत सोडले.

"चाव," चष्मेवाला म्हणाला. "गिळून फसवू नकोस."

"चावू कशानं? दात तर तुम्हीच पाडलेत."

एक जण फसकन हसला, मग दुसरा हसला. चष्मेवाल्यालाही हसू आलं आणि त्याने हाताने चालू दे अशी खूण केली. घण्या घास घेत राहिला आणि मोजत राहिला. रक्त, गढूळ पाणी आणि दगडी. बावीस. चाळीस. एक्याण्णव. घसा सोलून निघाला. मधे ठसका लागला आणि सात-आठ दाणे रस्त्यावर सांडले. तो वाकून एकेक वेचायला लागला, तेव्हा एकाने त्याच्या बोटांवर बूट ठेवला आणि जोर दिला. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन दाणे त्या बुटाखाली होते. बूट उचलेपर्यंत घण्या वाकूनच राहिला, मग ते दोन्ही उचलून तोंडात टाकले. दोनशे चौदा.

विष असेल तर आता मरेल म्हणून त्यांनी त्याला उन्हात बसवून ठेवलं. तासभर गेला. घण्या मेला नाही, त्यामुळे त्यांची जरा निराशाच झाली.

"विष नाही, वेडं आहे," चष्मेवाला म्हणाला. "जाऊ दे त्याला."

जाता जाता एकाने गंमत म्हणून त्याच्या पोटात लाथ घातली. मग दुसऱ्यालाही गंमत करावीशी वाटली. तिसरी लाथ बेंबीच्या वर बसली आणि घण्याच्या आत काहीतरी चुरडलं. उलटी घशाशी आली. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, डोळे बाहेर यायची वेळ आली, पण आलेलं सगळं त्याने परत खाली ढकललं. मग तो रांगत पूल ओलांडून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका कोबीच्या टेम्पोवाल्याने त्याला मोठ्या शहरातल्या बँकेच्या फाटकापाशी उतरवलं. बाईंची विद्यार्थिनी बाहेर आली. तिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातावर शाईचे डाग. समोर उभ्या माणसाचं तोंड सुजलेलं, एक बोट जांभळं, आणि दोन्ही हात पोटावर.

"चव्वेचाळीस-सतरा आणलंय," तो म्हणाला.

"कुठंय?"

घण्याने पोटावरचे हात जरासे हलवले. तिला आधी वाटलं हा वेडा आहे. मग त्याने सगळं सांगितलं, बाईंचंही, आणि ती फाटकापाशीच खाली बसली.

ती त्याला तडक दवाखान्यात न्यायला निघाली, तर हा पठ्ठ्या संडासाच्या दाराशी अडून बसला. आधी बी, मग डॉक्टर. तिने माती चाळायच्या चाळण्या आणल्या, बादली आणली.

"तू बाहेर हो, पोरी," घण्या म्हणाला. लाज त्याला आयुष्यात फारशी माहीत नव्हती, पण त्या दिवशी कान लाल झाले.

"काका, मी रानात माकडांची विष्ठा चिवडून बी शोधलंय. तुम्ही काय वेगळे?"

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी मिळून दोनशे सहा निघाल्या. सोबत काळं रक्तही निघालं. आठ कमी म्हणून घण्याने तिला दोनदा मोजायला लावलं, आणि तिसऱ्यांदा मोजा म्हणता म्हणता तो आडवा झाला.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की आतडं फाटलेलं नाही, चिरडलंय. लाथेच्या जागी ते आतल्या आत हळूहळू मरत चाललंय. जमेल तेवढं कापलं. पहिल्याच दिवशी आला असता तर गोष्ट वेगळी होती. घण्याला हे सांगायची गरज नव्हती. त्याने हजारो पोटं उघडलेली पाहिली होती, आपल्या पोटात काय झालंय ते त्याला पुलावरच कळलं होतं.

विद्यार्थिनीने शंभर बिया ओल्या कागदावर मांडल्या, उरलेल्या सुकवायला ठेवल्या. पण आता सगळं त्या शंभरांवर होतं. पोटातल्या आम्लाने, रक्ताने, तापाने बी मेलं असेल, तर कप्प्यात ठेवलेलं बी आणि खडे सारखेच. ती रोज दुपारी दवाखान्यात यायची आणि घण्या रोज एकच विचारायचा.

"फुटलं?"

"नाही अजून."

पाचव्या दिवशी त्याने ते विचारलं नाही. "बाईंना मी मारलं," तो म्हणाला.

"गोळी त्यांनी झाडली, काका."

"त्या थांब म्हणत होत्या. हात वर केला होता त्यांनी. मी बघितला."

तिला बाईंची फार आठवण आली आणि या माणसाचा रागही आला. ती त्याच्या मोडक्या बोटाची पट्टी बदलत राहिली, आणि बदलून झाल्यावरही हात धरून बसली.

नवव्या दिवशी ती खोटं बोलायचं ठरवून आली. घण्याचं अंग भाजत होतं, ओठ पांढरे पडले होते, पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. हो, फुटलं, असं म्हणायला काय लागतं. नर्सनेही डोळ्यांनी तेच सांगितलं.

"फुटलं?"

ती खाली बसली. दिसल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे बाईंनी तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं. "नाही, काका," ती म्हणाली. "अजून एकही नाही."

"बरं झालं खरं बोललीस," घण्या म्हणाला. "खोटं बोलली असतीस तर कानाखाली दिली असती."

त्याचा हात तेव्हा चादरीवरून बोटभरही उचलत नव्हता. दिवे लागायच्या आत तो गेला. शेवटचे दोन तास तो ओरडत होता, आणि ते शांतपणे झालं असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

अकराव्या दिवशी सकाळी तिने झाकण उचललं तेव्हा चार बियांची कवचं तडकली होती आणि आतून पांढरी मुळं बाहेर आली होती. दुपारपर्यंत एकोणीस झाल्या. बाईंना इतक्या वर्षांत कधीच जमलं नव्हतं. तिने झाकण ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि धावत सुटली, रोजच्या वाटेने, रोजच्या जिन्याने, रोजच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या तिसऱ्या पलंगापाशी, आणि तिथे आल्यावर तिला आठवलं.

पलंगावर आता दुसराच माणूस होता, गुडघ्याखाली पाय कापलेला. धापा टाकणाऱ्या तिला बघून तो घाबरला.

"काय झालं?"

"फुटलं," ती म्हणाली. "शंभरातल्या एकोणीस, सकाळपासून. अजून फुटतायत."

त्याला त्यातलं काहीच कळलं नाही. पण ती उभ्या उभ्याच रडायला लागली, तेव्हा तो कोपरांवर जोर देऊन कसाबसा बाजूला सरकला आणि तिला बसायला जागा करून दिली.